चोरीचा लष्करी माल आणि आपलें कर्तव्य

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत खेडोपाडीं हिंडणाऱ्या माणसाला एक वस्तु अनेक घरांत हटकून दिसते. ती म्हणजे काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगानें नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं लिहिलेलीं असतात. घरांतील कर्ता पुरुष पेन्शन घेऊन आला कीं, ती ट्रंक माजघरांत कायमची बसते. तींत एखादी जुनी घोंगडी, बरॅककोट, दोनचार पदकें, पेन्शनचे कागद आणि पलटणीबरोबर काढलेला एक समूह-फोटो असतो. लहानपणीं आम्हां मुलांना त्या ट्रंकेस हात लावण्याची बंदी असे. आणि ती बंदी आम्हांस देवघराच्या बंदीसारखीच वाटे.

आज मी आपणांशीं ज्या विषयावर बोलणार आहें, त्याचा या ट्रंकेशीं निकटचा संबंध आहे. त्या ट्रंकेंतील वस्तु, आणि तिच्याहि पलीकडे सरकारी कोठारांतील वस्तु, अलीकडे मोबाईलवरच्या बाजारांत विकावयास येऊं लागल्या आहेत. पूर्वी चोरीचा माल खपविणाऱ्यास आठवड्याच्या बाजारांतला भंगारवाला गांठावा लागे. तो भंगारवाला गांवाला ठाऊक असे, फौजदारालाहि ठाऊक असे. आतां विकणारा कोठें बसला आहे हें कोणास दिसत नाहीं. त्यानें वस्तूचा फोटो टाकावा, किंमत लिहावी, आणि विश्रामबागेंतील किंवा सदर बझारांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थानें चहा घेतां घेतां ती खरेदी करावी, इतकें हें काम सोपें झालें आहे. त्या गृहस्थाच्या मनांत पाप नसतें. परंतु चोराला जें पाहिजे असतें तें त्याच्याकडून नकळत घडतें. तें म्हणजे गिऱ्हाईक मिळणें. गिऱ्हाईक नसेल तर चोरी पोसत नाहीं.

हा प्रश्न इतर जिल्ह्यांना दूरचा वाटेल. आपल्याला वाटूं नये. सातारा शहराजवळचें अपशिंगे हें गांव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नांवानेंच ओळखलें जातें. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवाचे ४६ जवान कामास आले व त्यांचें स्मारक गांवांत उभें आहे. देशांतील पहिली सैनिकी शाळा १९६१ सालीं साताऱ्यासच निघाली. आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नांवानें ओळखला जाई. तेव्हां ही सैनिकी परंपरा दोन्ही जिल्ह्यांची सामाईक मिळकत आहे. जेथें इतक्या घरांत लष्कराचा पोशाख वाळत पडलेला असतो, तेथें खरा माल कोणता, खोटा कोणता आणि चोरलेला कोणता, हें जाणणारीं माणसेंहि पुष्कळ असलीं पाहिजेत. तीं असतातहि. उणीव आहे ती बोलण्याची.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिरवी दिसणारी प्रत्येक वस्तु चोरीची नसते. लष्करास निरुपयोगी झालेला माल सरकार रीतसर विकतें. जुन्या जीपगाड्या, भंगार लोखंड, तंबूचें कापड, फर्निचर असल्या गोष्टींचा लिलाव होतो. त्या कामीं एम. एस. टी. सी. ही १९६४ सालीं स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे व तिचे लिलाव इंटरनेटवर चालतात. अशा लिलावांत घेतलेल्या मालाची पावती असते, गाडी असल्यास तिच्या नोंदणीचे कागद असतात. शिवाय बाजारांत मिळणारीं ठिपक्यांचीं कापडें, पिशव्या, बूट हे बहुतेक खाजगी कारखान्यांनीं केलेले नकली नमुने असतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें रंगीबेरंगी लष्करी छापाची विजार घातली कीं पोलिसांत धांवत सुटावें, असें मी म्हणत नाहीं. संशय हा मिठासारखा आहे. तो बेतानेंच घातला पाहिजे.

मग सांभाळावयाचें कोठें? मला वाटतें, वस्तूंचे पांच वर्ग लक्षांत ठेवले तर पुरे आहे.

पहिला वर्ग शस्त्रें, दारूगोळा व त्यांचे भाग यांचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदूक किंवा जिवंत काडतूस बाळगणें हाच गुन्हा आहे. ‘आजोबांची आठवण’ ही सबब कायद्यास चालत नाहीं. येथें चोरीहून मोठी भीति जिवाची असते. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या सरावाच्या मैदानाभोंवतीं भंगार म्हणून गोळे वेचणारे लोक स्फोटांत दगावलेले आहेत. वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या दारूगोळा भांडाराजवळ, २० नोव्हेंबर १९१८ रोजीं नव्हे तर अगदीं अलीकडे म्हणजे २०१८ सालीं त्याच तारखेस, जुना दारूगोळा निकामी करण्याचें काम चालू असतां स्फोट होऊन सहा माणसें मरण पावलीं. तें काम तर देखरेखीखालीं चाललें होतें. जें काम जाणत्यांच्या हातूनहि असें उलटतें, त्यांतली वस्तु दिवाणखान्यांतील फुलदाणी करण्यासाठीं विकत घेणें हा केवढा अविचार!

दुसरा वर्ग पोशाखाचा. सैन्याचा नवा लढाऊ पोशाख १५ जानेवारी २०२२ रोजीं सैन्यदिनाच्या संचलनांत प्रथम दिसला. त्याच्या नमुन्याची व ठिपक्यांच्या रचनेची नोंदणी सैन्यानें पेटंट कार्यालयांत केली व ती त्याच वर्षीं ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाली. त्यामुळें हें कापड किंवा पोशाख परवानगीवांचून तयार करून विकणें बेकायदेशीर ठरतें. जवानांना तो सैन्याच्या कँटीनमार्फत मिळतो, रस्त्यावरच्या दुकानांत नव्हे. इतका कडकपणा कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर १९१६ च्या नव्हे, आपल्या डोळ्यांदेखतच्या २०१६ च्या जानेवारींत मिळालें. पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला करणारे लष्करी वेषांत आले होते. त्यानंतर सैन्यानें नागरिकांस असा वेष घालूं नये व दुकानदारांस तो विकूं नये अशी जाहीर विनंति केली. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूनें सैनिकी वेष किंवा खूण धारण करणें हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे.

तिसरा वर्ग यंत्रांचा : रात्रीं दिसणाऱ्या दुर्बिणी, दळणवळणाचे संच, संगणक, माहिती सांठविणाऱ्या चकत्या. हा वर्ग दिसावयास साधा, परंतु सर्वांत घातक. पुढें त्याचीं उदाहरणें देणारच आहें. येथें एवढेंच सांगतों कीं, मे २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें वॉकी-टॉकी संच बेकायदा विकावयास ठेवल्याबद्दल इंटरनेटवरील व्यापारी कंपन्यांना १३ नोटिसा दिल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या विक्रीसाठीं नियमावली काढली. म्हणजे मोठ्या नांवाच्या दुकानांत वस्तु दिसली म्हणून ती विकण्यास परवानगी आहेच, असें मानण्याचें कारण नाहीं.

चौथा वर्ग कागद व ओळखीच्या खुणांचा : ओळखपत्रें, कँटीनचीं कार्डें, शिक्के, नकाशे, हुकूम. यांची कोणतीहि खाजगी विक्री सरळ नसते.

पांचवा वर्ग पदकांचा. याविषयीं थोडें विस्तारानें बोललें पाहिजे, कारण आपल्या ट्रंकेंतील खरें धन तेंच आहे. १९५० च्या सैन्य कायद्यांत जवानाला मिळालेलीं शस्त्रें, सामान व कपडे परस्पर विकणें याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि त्याच ५४ व्या कलमांत स्वतःला मिळालेलें पदक विकणें किंवा गहाण टाकणें हाहि गुन्हा गणला आहे. हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पदक शिपायाचें, मग तें त्यानें कां विकूं नये? परंतु कायदा करणाऱ्यांची दृष्टि सरळ होती. पदक हा मोबदला नव्हे, साक्ष आहे. आणि साक्ष विकतां येत नाहीं. हा कायदा सेवेंतील माणसांपुरता आहे, हें खरें. नातवंडांना तो लागू होत नाहीं. पण पहिल्या महायुद्धाचीं पदकें आतां शंभरी ओलांडून गेलीं आहेत, आणि शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेंत येऊं शकतात. अशी वस्तु खाजगी माणसास परदेशीं धाडतां येत नाहीं, व तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो.

पदक चोरीस जातें तेव्हां काय होतें, याचें एक उदाहरण सांगतों. हिमाचल प्रदेशांतील नाईक किरपाराम यांनीं १९४५ सालीं बाँबफेकीच्या सरावांत जवळ पडलेल्या बाँबवर स्वतःस झोंकून देऊन आपल्या सोबत्यांचे प्राण वांचविले. त्यांस मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तो त्यांच्या तरुण विधवेनें जन्मभर जपला. पुढें २००२ सालीं तो घरांतून चोरीस गेला. सात वर्षांनीं, २००९ मध्यें, तो लंडनच्या एका लिलावांत विक्रीस आला. त्यास आक्षेप घेण्यांत आला आणि विक्री थांबली. डोंगरांतल्या एका घरांतून निघालेली वस्तु समुद्रापलीकडे कशी ओळखली गेली? कारण असल्या पदकावर तें कोणास मिळालें याची नोंद कोरलेली असते. आपल्या घरांतील महायुद्धाचीं जुनीं पदकें हातांत घेऊन भिंगांतून पाहा. बहुतेकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली आढळेल. ती कड म्हणजे त्या पदकाची जन्मपत्रिका होय. कानशीनें कड घांसलेलें पदक कोणी विकावयास आणलें, तर त्याची जन्मपत्रिका कोणी व कां पुसली, हा प्रश्न ताबडतोब विचारला पाहिजे.

परदेशांतहि हें संकट आहे, आणि तेथील अनुभव आपणांस बोध घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासनीस खात्यानें २००८ सालीं एक प्रयोग केला. त्याचे अधिकारी साधे गिऱ्हाईक बनून इंटरनेटच्या बाजारांत शिरले आणि त्यांनीं डझनभर नाजूक लष्करी वस्तु बिनबोभाट विकत घेतल्या. त्यांत एफ-१४ या लढाऊ विमानाचे भाग होते, रात्रीं पाहण्याचीं साधनें होतीं, अंगत्राणाचे पत्रे होते. त्या विमानाचे भाग इराणला हवे होते हें जगजाहीर असतां ते घरबसल्या मिळत होते! २०१६ मध्यें त्याच देशांत फोर्ट कँपबेल या छावणींतील कांहीं सैनिक व त्यांचे नागरी साथीदार यांच्यावर खटला भरण्यांत आला. त्यांनीं दुर्बिणी, शिरस्त्राणें, दळणवळणाचीं साधनें असा दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीचा माल चोरून इंटरनेटवर विकला असा आरोप होता, व त्यांतील कांहीं माल रशिया-चीनपर्यंत पोंचला होता.

जर्मनींतील प्रकार तर हास्यास्पद वाटावा असा आहे. २०२० मध्यें तेथील एका संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनीं लष्कराचा एक जुना संगणक इंटरनेटवरून अवघ्या ९० युरोंस घेतला. तो उघडतांच विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या एका चालू पद्धतीची माहितीपुस्तिका बाहेर पडली. आणि कुलुपाचा शब्द तर कोणीहि ओळखावा असा होता. त्याच देशांतील संशोधकांनीं २०२२ मध्यें अमेरिकन सैन्यानें अफगाणिस्तानांत वापरलेलें, बोटांचे ठसे व डोळ्यांच्या खुणा नोंदविणारें एक यंत्र ६८ डॉलरांस मिळविलें. त्यांत २,६३२ माणसांची माहिती तशीच होती. विचार करा, श्रोतेहो : त्या माणसांतील कित्येकांनीं परक्या सैन्यास मदत केली असेल, आणि त्यांचीं नांवें ज्याच्या हातीं पडलीं असतीं तो त्यांचा वैरी असूं शकला असता. वस्तूची किंमत ६८ डॉलर. तींतील माणसांच्या जिवाची किंमत कोण करणार? चोरीचा माल म्हणजे केवळ सरकारचें नुकसान, ही समजूत किती उथळ आहे, तें यावरून कळून येईल.

आतां ओळखीच्या खुणा. मी छत्तीस वर्षें शाळेंत काढलीं. लष्करांत एक दिवसहि नाहीं. परंतु शाळेच्या ग्रंथालयानें मला एक विद्या शिकविली. चोरलेलें पुस्तक कसें ओळखावें? ज्या पानावर शाळेचा शिक्का असावयाचा, नेमकें तेंच पान फाडलेलें असतें. चोर वस्तु चोरतो आणि तिची ओळख पुसतो. पण पुसल्याची खूण मागें राहतेच. लष्करी सामानावर खात्याचे शिक्के, अनुक्रमांक, बनावटीचें वर्ष असतें. जुन्या इंग्रजी अमदानींतील मालावर बाणाचें चिन्ह व त्याखालीं हिंदुस्थानचें ‘आय’ हें इंग्रजी अक्षर आढळतें. नंबराची पट्टी उखडलेली, अंक कानशीनें घांसलेले, किंवा फोटोंत नेमका तोच भाग बोटानें झांकलेला दिसला, तर थांबावें.

दुसरी खूण किंमतीची. नवीकोरी वस्तु तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत कोणी देत असेल, तर उरलेले दोन हिस्से कोणीतरी दुसऱ्यानें भरलेले असतात. तिसरी खूण विक्रेत्याच्या बोलण्याची. ‘अस्सल आर्मीचा माल’, ‘आंतून आणला आहे’, ‘बिल मागूं नका’, ‘पुन्हा मिळणार नाहीं’ हीं वाक्यें जेथें येतात, तेथें तोच आपल्या तोंडानें कबुलीजबाब देत असतो. चौथी खूण संख्येची. पेन्शनर माणसापाशीं एक कोट असेल, एक घोंगडी असेल. एकाच मापाचे वीस नवे कोट नसतात. आणि पांचवी खूण कागदांची. लिलावाचा माल असेल तर पावती दाखविण्यास त्याची कांहींच हरकत नसावी. जो पावतीच्या नांवानें रागावतो, त्याचा राग हीच आपली पावती समजावी.

हें सर्व मी शहाणपणानें सांगत असलों, तरी मला तें फार उशिरां सुचलें. तो प्रसंग सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. कांहीं वर्षांमागें आमच्या आळींतील मुलांना सागरेश्वरच्या अभयारण्यांत पक्षी दाखवावयास न्यावयाचें होतें. एक दुर्बीण हवी होती. माझ्या पुतण्यानें मोबाईलवर एक जाहिरात काढून दिली. लष्करी दुर्बीण, जवळजवळ नवी, किंमत चार हजार रुपये. मी आनंदलों. विक्रेत्याशीं बोललों. त्यानें सर्व बाजूंनीं फोटो पाठविले. एका फोटोंत, जेथें नंबर असावयाचा तेथें, धातु घांसून पांढरी केलेली दिसत होती. मला तत्काळ तीं ग्रंथालयाचीं फाडलेलीं पानें आठवलीं. मीं खरेदी रद्द केली, आणि स्वतःच्या हुषारीवर खूष होऊन स्वस्थ बसलों.

आठ दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेला. मीं ती हकीकत गंमत म्हणून सांगितली. त्याला गंमत वाटली नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, ती दुर्बीण कुठल्यातरी पोराच्या नांवावर चढलेली असणार. ती हरवली म्हणून त्याच्यावर चौकशी बसली असेल. तुम्ही घेतली नाहीं हें बरं केलंत. पण सांगितलं कां नाहीं?” मला उत्तर देतां येईना. आम्ही दोघे तसेच उठून पोलिस ठाण्यांत गेलों. तेथील हवालदारानें प्रथम विचारलें, “वस्तु तुमची गेली आहे काय?” नाहीं म्हटल्यावर त्याला आमचें येणें चमत्कारिक वाटलें. पण सुभेदारानें शांतपणें समजावून सांगितल्यावर त्यानें अर्ज घेतला, पोंच दिली. मात्र तोंवर ती जाहिरात नाहींशी झाली होती, आणि विक्रेत्याचा नंबर बंद लागत होता. फोटोहि मीं पुसून टाकले होते. जो पुरावा माझ्या खिशांत होता, तो माझ्या आळसानें गेला. ज्या कोणा जवानावर तो ठपका आला असेल, त्याचा चेहरा मला ठाऊक नाहीं. पण गेल्या कित्येक रात्रीं तो माझ्यापुढें उभा राहिला आहे.

म्हणून काय करावें, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट : पुरावा राखून ठेवा. जाहिरात, फोटो, विक्रेत्याचें नांव, नंबर, त्याच्याशीं झालेलें लिखित बोलणें, सर्वांचे पडदाचित्र म्हणजे स्क्रीनशॉट घ्या, त्या पानाचा पत्ता टिपून ठेवा, तारीख व वेळ लिहा. दुसरी : स्वतः गुप्त पोलिस होऊं नका. विक्रेत्यास ‘हा माल चोरीचा आहे’ असें खडसावल्यानें तो केवळ सावध होतो. पुराव्यासाठीं म्हणून वस्तु विकत घेणें तर त्याहून वाईट. चोरीचा माल आहे हें ठाऊक असून, किंवा तसें समजण्यास कारण असून, जो तो अप्रामाणिकपणें घेतो किंवा ठेवून घेतो, त्यास भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तिसरी : ती जाहिरात मित्रमंडळींच्या गटांत पसरवूं नका. आपण इशारा देतों असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत आपण त्या मालाची दवंडी पिटतों, आणि संशय खोटा निघाल्यास एखाद्या निरपराध माणसाची अब्रू घेतों.

चौथी व मुख्य गोष्ट : पोलिसांस कळवा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि पोलिस ठाण्यांत देतां येते. गुन्हा कोणत्या हद्दींत घडला याचा विचार ती नोंदवून घेण्याच्या आड येत नाहीं. विक्रेता साताऱ्याचा, माल पुण्याचा आणि आपण सांगलीचे, अशा वेळीं हा नियम मोठ्या उपयोगाचा आहे. तोंडी सांगितलेली खबर लिहून घेऊन वाचून दाखविली जाते व तिची प्रत विनामूल्य मिळते. संगणकावरूनहि खबर देतां येते, मात्र तीन दिवसांच्या आंत सही करावी लागते. शस्त्र, दारूगोळा किंवा तातडीचा धोका दिसल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. त्याशिवाय ज्या संकेतस्थळावर जाहिरात आहे, तेथें तक्रार करण्याची सोय असते. पण ती पोलिसांस कळविल्यानंतर वापरावी. आधीं वापरली तर जाहिरात निघून जाते आणि माग तुटतो. मालावर एखाद्या पलटणीची स्पष्ट खूण असेल, तर जवळच्या लष्करी ठाण्यासहि पत्रानें कळवावें.

पत्र लिहितांना जेवढें पाहिलें तेवढेंच लिहावें. ‘नंबर खोडलेला दिसला’ असें लिहावें; ‘अमुक इसम चोर आहे’ असें लिहूं नये. पाहणें आपलें काम, ठरविणें न्यायाधीशाचें.

पांचवी गोष्ट, घरांतच बाँब, गोळा किंवा काडतूस सांपडलें तर त्यास हलवूं नये, घांसूं नये, पिशवींत घालून पोलिसांकडे नेऊं नये. माणसें दूर करून पोलिसांनाच बोलवावें.

याच विषयाची एक उलटी बाजू आहे. आपल्याकडे सैनिकाविषयीं असलेला विश्वास हेंच कांहीं ठकांचें भांडवल झालें आहे. ‘मी सैन्यांत आहें, माझी बदली झाली आहे, म्हणून मोटारसायकल स्वस्तांत विकतों’ अशी जाहिरात येते. सोबत गणवेषांतला फोटो व ओळखपत्र असतें. तें दुसऱ्याच कोणाचें चोरलेलें किंवा बनावट असतें. मग आगाऊ पैसे मागितले जातात, किंवा चौकोनी ठिपक्यांचें एक चित्र पाठवून तें मोबाईलनें टिपावयास सांगितलें जातें. ध्यानांत ठेवा, पैसे मिळण्यासाठीं गुप्त अंक कधींहि द्यावे लागत नाहींत. ओळखपत्राचा फोटो अनोळखी माणसास स्वतः होऊन पाठविणारा माणूस बहुधा सैनिक नसतोच. असा फसवणुकीचा प्रकार घडल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर पैसे अडविण्याचा संभव अधिक असतो.

शेवटीं जवानांच्या कुटुंबांस दोन शब्द. आपल्या घरांतील पदकांचे दोन्ही बाजूंनीं व कडेचे फोटो काढून ठेवा. नंबर वहींत लिहा. चोरी झाल्यास तीच वही कामास येईल. आणि अडचणीच्या दिवसांत पदक विकण्याचा विचार मनांत आला, तर आधीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढा. सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणीं तें कार्यालय आहे. पेन्शनचा कागद अडला असेल, मुलाच्या शिक्षणाची गरज असेल, तर तेथें मार्ग निघण्याचा संभव आहे. जाहिरातींत पदक दिसलें म्हणजे विकणारा चोरच, असें आपण सर्वांनींहि समजूं नये. त्यामागें एखादी गांजलेली म्हातारी असूं शकते. तिला फौजदाराची नव्हे, शेजाऱ्याची गरज असते. हा भेद ओळखणें हेंच खरें सुशिक्षितपण.

श्रोतेहो, सीमेवर पहारा करण्याचें काम आपल्या वांट्याला आलेलें नाहीं. तें ज्यांच्या वांट्याला आलें, त्यांची दुर्बीण, त्यांचा कोट आणि त्यांचें पदक बाजारांत दिसल्यास तोंड उघडणें, एवढाच पहारा आपल्याकडे आहे. माझ्याकडून त्यांत आठ दिवसांची कसूर झाली. आपणांकडून आठ मिनिटांचीहि होऊं नये, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.